अपघात एक, खिडक्या अनेक

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाच्या तडाख्यात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. तराफ्यावर २६१ माणसं होती. नौदलाने खवळलेल्या दर्यातून १८६ जणांना जिवंत बाहेर काढलं. उरलेल्यांचे मृतदेह पुढचे कित्येक दिवस सापडत राहिले. काही तर वाहत रायगडच्या आणि गुजरातमधल्या वलसाडच्या किनाऱ्याला लागले. इकडे जे. जे. रुग्णालयात नातेवाइकांची रीघ लागली. करोनाचे निर्बंध चालू होते, गाड्या मिळत नव्हत्या, तरी कुणाचा भाऊ, कुणाचा सासरा, कुणाचा गाववाला मिळेल त्या वाहनाने येऊन पोचला होता. पाण्यात राहिल्याने चेहरे ओळखू येत नव्हते. रक्ताचा नमुना द्यायचा आणि डीएनएचा अहवाल येईपर्यंत थांबायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं.

तराफ्यावरची माणसं ज्या तेलक्षेत्रात कामाला होती ते ओएनजीसीचं, कामाचं कंत्राट अॅफकॉन्सकडे, तराफा तिसऱ्याच कंपनीचा आणि वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी यांना कामावर लावणारे पोटठेकेदार निराळे. घरच्यांना बहुतेकदा ठाऊक असतो तो फक्त या शेवटच्या माणसाचा मोबाइल नंबर, आणि अशा वेळी नेमका तोच बंद लागतो. या दुर्घटनेत पुढे मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला नाही. ओएनजीसीने तातडीची मदत म्हणून मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर केले. अॅफकॉन्सने सानुग्रह रक्कम आणि विमा मिळून ३५ ते ७५ लाखांपर्यंतची भरपाई सांगितली. पण ही दुर्घटना देशभर गाजली होती. भिवंडीच्या गोदामात मालाची थप्पी अंगावर पडून एखादा हमाल जातो, चाकणच्या प्रेसमध्ये एखादा पोरगा सापडतो, तेव्हा कॅमेरे येत नाहीत. त्याच्या घरच्यांनी कुठे जायचं?

या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर असतं, ‘योजना खूप आहेत हो.’ ते खरंही आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

एका कामगाराच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांचा हक्क कुठे कुठे पोचतो, ते पाहण्यासारखं आहे. तो राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असेल, तर अवलंबितांना त्याच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने निवृत्तिवेतन मिळतं. त्यातला विधवेचा वाटा तीन पंचमांश, प्रत्येक मुलाचा दोन पंचमांश; बेरीज पूर्ण दराच्या वर गेली, तर सगळ्यांचे वाटे त्या प्रमाणात कमी होतात. यासाठी नोकरी किती दिवसांची होती हे पाहिलं जात नाही. पहिल्याच पाळीत अपघात झाला तरी हक्क लागू होतो, आणि मालकाने वर्गणी थकवलेली असली तरी महामंडळाने लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी कायद्याची रचना आहे. ईएसआय नसेल, तर १९२३ च्या भरपाई कायद्याची वाट, ज्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. भविष्य निर्वाह निधीची शिल्लक वेगळी, त्याच निधीशी जोडलेल्या विम्याचे जास्तीत जास्त ७ लाख वेगळे, विधवेचं आणि दोन मुलांचं पेन्शन वेगळं. ग्रॅच्युइटी वेगळी, एरवी तिला लागणारी पाच वर्षांच्या सेवेची अट मृत्यू झाल्यास लागत नाही, हे अनेक छोट्या मालकांच्या हिशेबनिसांना माहीतच नसतं, किंवा माहीत असून सांगायचं नसतं. बांधकाम कामगार असेल, तर कल्याणकारी मंडळाचे ५ लाख. बँकेत वर्षाला २० रुपये कापून घेणारी सुरक्षा विमा योजना चालू असेल, तर आणखी २ लाख. मुख्यमंत्री आणि पंतप्रधान निधीतून काही जाहीर झालं, तर ते निराळं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला कमावता माणूस गेल्यावर मिळणारे २० हजार, संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,५००, पोरांसाठी बालसंगोपन योजना या सगळ्या त्यापुढच्या.

आता हे देणारे कोण, ते बघा. ईएसआयचं शाखा कार्यालय, भविष्य निर्वाह निधीचं प्रादेशिक कार्यालय, कामगार आयुक्तांचं कार्यालय, बांधकाम मंडळ, बँक, विमा कंपनी, जिल्हाधिकारी, तहसीलदार, महिला व बालविकास विभाग. प्रत्येकाचा अर्ज निराळा, मुदत निराळी. कागद मात्र जवळजवळ तेच: मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, वारस दाखला, आधार, बँक पासबुक. एकाच कागदांची झेरॉक्स काढून तीच बाई प्रत्येक खिडकीपुढे उभी राहते. एका खिडकीवर नावातल्या ‘बाई’वरून अर्ज परत येतो, दुसऱ्या खिडकीवर आधारवरच्या माहेरच्या आडनावावरून.

मृत्यू दाखल्याचंच घ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांत आणि जिथे मृत्यू झाला तिथल्या स्थानिक संस्थेकडे व्हावी लागते. कामगार मरतो शहापूर तालुक्यात, अंत्यसंस्कार होतात बिहारमधल्या गावी, आणि दाखला मात्र मिळतो शहापूरकडे. समृद्धी महामार्गावर सरळांबे इथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले, त्यांत महाराष्ट्राबाहेरून आलेल्यांचा भरणा मोठा होता. उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल, तमिळनाडू अशा दूरदूरच्या राज्यांत मृतदेह पाठवावे लागले. मृतदेह रुग्णवाहिकेतून वा विमानाने नेताना कुणीतरी धावपळ करतंच. पण दोन महिन्यांनी कागदांसाठी त्याच घरातलं कुणी परत आलं, तर त्याच्यासोबत कार्यालयात जाणारं कुणी नसतं.

आणि मृतदेहच सापडला नाही तर? डोंबिवली एमआयडीसीत २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये झालेल्या स्फोटानंतर अवशेषांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्यांचाच आधार घ्यावा लागला. तेलंगणात पाशमैलारम इथल्या सिगाची कंपनीत ३० जून २०२५ रोजी स्फोट झाला. ४६ मृत्यू निश्चित झाले आणि आठ जणांचं काहीच हाती लागलं नाही. बेपत्ता माणूस मेला असं कायदा सात वर्षांनंतर मानतो. सात वर्षं ना पेन्शन, ना विमा, ना भरपाई. याला तोड निघू शकते, हे उत्तराखंडने दाखवलं. चमोली जिल्ह्यात ७ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या लोंढ्याने ऋषिगंगा आणि तपोवन-विष्णुगड प्रकल्पांवरचे कामगार वाहून नेले; मृत आणि बेपत्ता मिळून संख्या दोनशेच्या वर होती. तिथल्या सरकारने त्याच महिन्यात नियमावली काढली. बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवायची, चौकशी करायची, यादी जाहीर करून तीस दिवस हरकती मागवायच्या, आणि कुणाची हरकत नसेल तर मृत्यू दाखला द्यायचा. २०१३ च्या केदारनाथ प्रलयाच्या अनुभवावरून ती बेतलेली होती. प्रशासनाने मनावर घेतलं तर सात वर्षांचं काम महिन्या-दोन महिन्यांत होतं. मात्र अशी नियमावली दर दुर्घटनेनंतर नव्याने का काढावी लागते, ती तयार का नसते, हे कळत नाही.

पैशांच्या आकड्यांकडे वळलं, तर तिथे नियमापेक्षा नशीब जास्त चालतं. समृद्धीवर गेलेल्यांसाठी राज्याने ५ लाख आणि पंतप्रधान निधीने २ लाख जाहीर केले. पुण्याजवळ पिरंगुटला ७ जून २०२१ रोजी रसायनांच्या कारखान्यात आग लागून १७ कामगार गेले, बहुतेक महिला. तिथेही ५ आणि २ लाखच. विशाखापट्टणमच्या २०२० च्या वायुगळतीत आंध्र सरकारने प्रत्येकी १ कोटी दिले, सिगाची कंपनीनेही १ कोटी जाहीर केले. माणसाच्या वयाचा, पगाराचा, मागे राहिलेल्या तोंडांचा या आकड्यांशी संबंध नसतो. किती जण एकदम गेले, निवडणूक किती जवळ आहे, वाहिन्यांच्या गाड्या किती दिवस उभ्या राहिल्या, यांच्याशी असतो. एकेकटे मरणारे या हिशेबात येतच नाहीत.

सानुग्रह मदतीचा दुसरा तोटा असा की ती मिळाली म्हणजे भरपाई मिळाली, असा घरच्यांचा समज होतो. मदत ही देणाऱ्याची मर्जी आहे, भरपाई हा घेणाऱ्याचा हक्क आहे. या हक्काचा हिशेब कायद्यात मांडून ठेवला आहे: मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. तीस वर्षांच्या कामगारासाठी हा गुणक २०७.९८ आहे. महिना १५ हजारांवर हिशेब केला, तर भरपाई होते १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. यात खोच अशी की हिशेबासाठी धरायच्या वेतनाला जानेवारी २०२० पासून १५ हजारांचीच मर्यादा होती. क्रेन ऑपरेटर महिना तीस हजार कमावत असला, तरी हिशेब १५ हजारांवर. तोच माणूस रस्त्यावर ट्रकखाली सापडला असता, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाने त्याचं खरं उत्पन्न धरलं असतं, वर भविष्यातली वाढही मिळवली असती. कारखान्यात मेला म्हणून स्वस्तात मेला, असं म्हणण्याची वेळ येते.

१९२३ चा कायदा करणारी मंडळी मात्र व्यवहार ओळखून होती. मृत्यूच्या भरपाईची रक्कम मालकाने परस्पर कुटुंबाच्या हातात द्यायची नाही, आयुक्तांकडे जमा करायची, असा दंडक त्यांनी घातला. कारण उघड होतं. तेराव्याच्या आत कुणीतरी पाकीट घेऊन यावं, छापील कागदावर अंगठा घ्यावा आणि ‘आता काही म्हणणं उरलं नाही’ असं लिहून घ्यावं, हा प्रकार तेव्हाही चालत होता. अशा कराराला कायदा किंमत देत नाही. मालकाला थेट देता येते ती फक्त तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम. पैसे महिनाभरात भरले नाहीत, तर त्या कायद्यात १२ टक्के व्याज आणि निम्म्यापर्यंत दंड होता. मुख्य मालकाने आधी भरायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे, हेही शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. आयुक्त ती रक्कम विधवा, मुलं, आईवडील यांच्यात वाटून देत, गरज वाटली तर गुंतवून ठेवत. दीर-भावजय, सासू-सून यांच्या भांडणात पैसे एकाच्याच खिशात जाऊ नयेत, यासाठीची ही तजवीज. तरतूद चांगली आहे, पण ती वापरायला कुणीतरी अर्ज करावा लागतो. पिरंगुटसारख्या ठिकाणी, जिथे घरची बाईच कमावती होती, तिथे आणखी एक अडचण. विधवेला अवलंबित्व सिद्ध करावं लागत नव्हतं. विधुराला मात्र आपण बायकोच्या कमाईवर, निदान काही अंशी तरी, अवलंबून होतो हे दाखवावं लागे. कुठला नवरा हे चार लोकांत सहज कबूल करेल?

अनेक देणारे, अनेक घेणारे आणि मध्ये गोंधळ, ही गाठ जगात एका ठिकाणी बऱ्यापैकी सुटली. तो प्रयोग सविस्तर पाहायला हवा. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावार इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत पाच कपडे कारखाने होते. १,१३४ माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. पहिले काही महिने तिथेही तेच घडलं. पंतप्रधान निधीतून काहींना धनादेश मिळाले, काहींना नाही. एका परदेशी ब्रँडने स्वतःच्या पुरवठादार कारखान्यातल्या कामगारांना पैसे दिले, शेजारच्या मजल्यावरच्यांना तेवढे मिळाले नाहीत. नोव्हेंबर २०१३ मध्ये बांगलादेश सरकार, कारखानदारांच्या संघटना, कामगार संघटना आणि काही ब्रँड यांनी एक करार केला. अध्यक्षपद आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे दिलं, कारण तिच्यावर कुठल्याच बाजूचा संशय नव्हता.

या करारात तीन गोष्टी नेमक्या केल्या गेल्या. दावे घेणारं कार्यालय एकच ठेवलं. तिथले कर्मचारी कुटुंबाला समोर बसवून अर्ज भरून घेत, कागद कमी असेल तर तो मिळवायला मदत करत. रक्कम ठरवण्याचं सूत्र एकच ठेवलं, १९६४ च्या आंतरराष्ट्रीय श्रम करार क्रमांक १२१ वर बेतलेलं, म्हणजे वेतन, वय आणि अवलंबितांचं नातं पाहून. आधी कुठून काही मिळालं असेल तर ते त्यातून वजा. आणि पैसे ‘कुटुंबप्रमुखा’ला न देता बायको, मूल, आई यांचा वाटा वेगवेगळा काढून ज्याच्या त्याच्या खात्यात जमा केले. अडीच हजारांहून जास्त दावे, पाच हजारांहून जास्त माणसं. एकूण ३ कोटी डॉलर लागणार होते. देणग्या ऐच्छिक असल्यामुळे ब्रँड टाळाटाळ करत राहिले आणि पुरी रक्कम जमायला जून २०१५ उजाडला. हप्त्या-हप्त्याने मिळणाऱ्या पैशांवर लोकांनी दोन वर्षं काढली. म्हणजे खिडकी एक झाली, सूत्र ठरलं, तरी तिजोरी आधी भरलेली नसेल तर हाल चुकत नाहीत. हा धडा बांगलादेशने घेतला. २०२२ मध्ये तिथे कपडे उद्योगासाठी कायमस्वरूपी अपघात विम्याची प्रायोगिक योजना सुरू झाली. दुसरं उदाहरण पाकिस्तानातलं. कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्यात सप्टेंबर २०१२ मध्ये अडीचशेवर कामगार जळून गेले होते. तिथे जर्मन खरेदीदाराने दिलेले पैसे एकरकमी न वाटता सिंध प्रांताच्या सामाजिक सुरक्षा संस्थेमार्फत पेन्शन म्हणून देण्याचं ठरलं. एकरकमी पैशांना पाहुणे फार येतात. दरमहा पेन्शनला तेवढे येत नाहीत.

महाराष्ट्राला यासाठी ढाक्याकडेच पाहायला हवं असं नाही. करोनात नवरे गमावलेल्या हजारो बायकांचा प्रश्न कार्यकर्त्यांनी लावून धरला, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने ‘मिशन वात्सल्य’ सुरू केलं. तहसीलदाराच्या अध्यक्षतेखाली तालुका समिती, तिच्यात वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी, आणि गावपातळीवर घरी जाऊन अर्ज भरून घेणारी माणसं. बाईने खात्यांकडे हेलपाटे घालण्याऐवजी खात्यांनी बाईकडे जायचं, ही त्यामागची कल्पना. काही तालुक्यांत ती उत्तम चालली, काही ठिकाणी बैठकीच्या इतिवृत्तातच राहिली. तरी यंत्रणा उभी करता येते, त्यासाठी नवा कायदाही लागत नाही, शासन निर्णय पुरतो, एवढं त्यातून दिसलं. कामावर मेलेल्यांच्या घरांसाठी ती तशीच वापरायला काय हरकत आहे, याला उत्तर नाही. आधी द्या, मग ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याकडून घ्या, हे तत्त्वही इथल्या न्यायालयाने मान्य केलेलं आहे. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये मैला टाकीत गुदमरून गेलेल्या तिघांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०२१ मध्ये न्यायालयाने सरकारलाच प्रत्येकी १० लाख द्यायला सांगितलं आणि जबाबदार असणाऱ्यांकडून ते वसूल करण्याची मुभा दिली. बायकांना ठेकेदार शोधत फिरावं लागलं नाही.

मग कुटुंबाच्या बाजूने उभा राहणारा माणूस कोण? मोठ्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर असतो. जुन्या कारखाने कायद्यानुसार पाचशे किंवा जास्त कामगार असतील तिथे, नव्या श्रम संहितेनुसार अडीचशे किंवा जास्त असतील तिथे. यातल्या कित्येकांनी मनापासून कामं केली आहेत, रात्री रुग्णालयात बसून काढली आहेत, पोरांचे शाळाप्रवेश करून दिले आहेत. पण पगार मालकाचा असतो, आणि भरपाईच्या दाव्यात मालक समोरच्या बाजूला असतो. शिवाय अपघात जास्त होतात ते पन्नास-साठ माणसांच्या शेडमध्ये, जिथे हे पदच नाही. रासायनिक पट्ट्यांत रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांखाली जिल्हा पातळीवर आपत्ती गट असतात. बंब कुठून येणार, वारा कुठे वाहतोय, वस्ती कुठे हलवायची, याची त्यांची तालीमही होते. घरच्यांना बातमी कुणी द्यायची, शवागाराबाहेर त्यांच्यासोबत कुणी थांबायचं, दाव्यांची फाईल कुणी सांभाळायची, याची तालीम कधी होत नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये विमान अपघातांसाठी कायदाच झाला आणि मृतांच्या कुटुंबांना सांभाळण्याची जबाबदारी विमान कंपनी व तपास यंत्रणेवर नेमून दिली गेली. त्यासाठी तिथल्या मृतांच्या नातेवाइकांना बरीच वर्षं भांडावं लागलं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कुटुंबांच्या उपयोगाच्या काही गोष्टी आहेत. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात ठरावीक परिस्थितीत कामावरचाच धरला जाणार आहे. नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचं आहे, म्हणजे ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणणं जड जाईल. सुरक्षेच्या उल्लंघनामुळे मृत्यू झाला, तर दंडाच्या रकमेतला किमान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. मात्र सगळ्या खात्यांचे धागे एका हातात देण्याची तरतूद यातही नाही. सामाजिक सुरक्षा ‘संहिता’ झाली, कायदे एका पुस्तकात आले. खिडक्या होत्या तितक्याच राहिल्या.

राज्याला करता येण्याजोगं काम अवघड नाही. कामावर मृत्यू झाल्याची खबर पोलीस आणि कारखाना निरीक्षकांकडे जातेच. तीच खबर त्याच दिवशी तहसीलदाराकडे जावी. तहसीलदाराने एक नाव नेमून द्यावं, त्या माणसाने कुटुंबाचे सगळे कागद एकदाच गोळा करून सगळ्या खात्यांना पाठवावेत आणि वर्षभर ती फाईल सोडू नये. परराज्यातला कामगार असेल, तर त्याच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना प्रत जावी. बांधकाम मंडळाकडे उपकरातून आलेला पैसा आहे. तो खर्च होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारांना झापलं होतं. तातडीच्या मदतीसाठी कायमची तिजोरी उभी करायला तिथून सुरुवात करता येईल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वाचणाऱ्यांपैकी जो कुणी पगारावर काम करतो त्याने आजच भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर जाऊन ई-नामांकन भरलं आहे का ते पाहावं, ईएसआयच्या कार्डावर बायको-मुलांची किंवा आईवडिलांची नावं बरोबर आहेत का ते तपासावं. बांधकाम मजूर असेल, तर मंडळाची नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते, ती मुदत टळू देऊ नये. आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, ईएसआयचा विमा क्रमांक, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान आणि मुख्य कंपनीचं नाव, केवळ ठेकेदाराचं नव्हे, घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर आजच पाठवून ठेवावं.